मामांचं नाटक कशात उघडतंय?

कोल्हापुरात राजारामपुरीत शिवप्रसाद पट्टणशेट्टीचं कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि दुकानाच्या वरच त्याचं घर होतं. खाली तो एका मोठ्या परदेशी कंपनीचं ऑफिसातलं सॉफ्टवेअर विकायचा. पॅकबंद खोक्यातलं, पावती देऊन. निम्मं शहर तेच सॉफ्टवेअर मित्राच्या सीडीवरून उचलत असताना पावती फाडणारा माणूस म्हणून त्याला व्यापारात थोडा मान होता आणि थोडी कीवही. वर त्याची बायको रुद्राणी राहायची, म्हणजे त्याच्याबरोबरच राहायची, पण ती पॉलिटेक्निकात शिकवायची आणि अगदी तसंच काम करणारं दुसरं सॉफ्टवेअर मागेल त्याला फुकट द्यायची. ते कुणा एका कंपनीचं नव्हतं. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, ज्याला हवं त्यानं आत डोकावून बघावं, बदलावं, वाटावं असं. गल्लीतली माणसं मुद्दाम जिन्यापाशी थांबून हाक मारायची, "वैनी, खाली लई भाव सांगाय लागलेत, वर काय दर हाय?"

रुद्राणी वरून हसायची. शिवप्रसाद खाली गल्ल्यावर बसून न ऐकल्यासारखं करायचा.

दोघांची ओळख झाली होती शहाण्णव साली, रुद्राणीच्या वडिलांमुळं. मल्लाप्पा तेव्हा चंदगड डेपोत वाहतूक नियंत्रक होते. आधी बरीच वर्षं कंडक्टर. एसटीच्या नाट्यस्पर्धेसाठी त्यांनी तीन अंकी विनोदी नाटक लिहिलं होतं, 'घाटात बंद गाडी'. ते टाइप करून घ्यायला ते कोल्हापुरात आले आणि एका झेरॉक्सवाल्याच्या कोपऱ्यात कॉम्प्युटर मांडून लग्नपत्रिका करणाऱ्या पोराकडं, म्हणजे शिवप्रसादकडं, वही टाकून गेले. प्रुफं तपासायला मुलगी येईल म्हणाले. मुलगी कोल्हापुरातच इंजिनिअरिंगला होती. आली. पहिल्याच पानावर तिनं तांबड्या पेनानं इतक्या खुणा केल्या की शिवप्रसादला वाटलं, ही परत आली नाही तर बरं. दुसऱ्या अंकापर्यंत त्याचं मत बदललं. अठ्ठ्याण्णवला लग्न झालं. दोन्ही घरं लिंगायत, दोन्हीकडं निम्मं बोलणं कानडीत, त्यामुळं अडायला काही नव्हतंच.

अडलं ते पुढं पाचेक वर्षांनी. रुद्राणीच्या पॉलिटेक्निकला कॉम्प्युटर मिळाले, पण आत घालायचं सॉफ्टवेअर मंजूर झालं नाही. तिनं कुठूनशी त्या खुल्या सॉफ्टवेअरची सीडी मिळवली, सुट्टीत बसून सगळ्या मशिनींवर चढवली आणि त्या नादाला लागली ती लागलीच. घरातल्या कॉम्प्युटरवर मग दोघांची दोन बिऱ्हाडं झाली. चालू केला की तो आधी विचारायचा, कुणाच्यात जायचंय? आणि जो आधी खुर्चीत बसेल तो आपल्या घरात शिरायचा.

भाचीच्या बारशाची पत्रिका रुद्राणीनं तिच्याकडच्या सॉफ्टवेअरमध्ये केली आणि शिवप्रसाद ती छापायला घेऊन गेला, तेव्हा छापखान्यात नुसत्या चौकटी उमटल्या.

"अगं, बारशाला काय चौकटी जेवायला बोलवायच्यात?" त्यानं घरी येऊन विचारलं.

"तुमच्या सॉफ्टवेअरला वाचता येत नाही, त्याला मी काय करू? जे लिहिलंय ते सगळ्यांना दिसेल असं लिहिलंय. वाचायचंच नाही म्हटल्यावर..."

"सगळ्या कोल्हापुरात जे चालतं ते तुला चालत नाही."

"कोल्हापुरात एकेरी रस्त्यावर उलटं पण चालतं."

असं चाललं होतं. भांडण म्हणावं तर दोघं त्यानंतर चहा एकाच टेबलावर घ्यायचे. नाही म्हणावं तर चहा होईपर्यंत बोलायचे नाहीत.

दोन हजार सातच्या पावसाळ्यात मात्र हे भांडण घराबाहेर पडलं. झालं असं, की कॉम्प्युटरवर लिहिलेला मजकूर साठवून कसा ठेवायचा याचं एक जागतिक प्रमाण असतं. रुद्राणीच्या बाजूच्या पद्धतीला ते आधीच मिळालं होतं. आता कंपनीनंही आपली पद्धत प्रमाण म्हणून पुढं केली होती. त्यावर देशोदेशीची मतं मागवली होती आणि भारताचं मत दिल्लीतली एक समिती ठरवणार होती. समितीपुढं बाजू मांडायची म्हणून व्यापाऱ्यांच्या एका मोठ्या महासंघानं जिल्ह्याजिल्ह्यांतल्या संघटनांना कळवलं, तुमचं म्हणणं काय ते ठराव करून पाठवा.

कोल्हापूरच्या संघटनेचे अध्यक्ष होते हंबीरराव. त्यांनी आयुष्यभर टाइपरायटर विकले होते, आता बॅटऱ्या विकत होते. फाइलीच्या पद्धतीतलं त्यांना काही कळत नव्हतं, पण निवडणुकीतलं सगळं कळत होतं. ते थेट शिवप्रसादच्या दुकानात येऊन बसले.

"दिल्लीनं कोल्हापूरला इचारलंय. म्हंजे नुसता शिक्का मारून चालायचं न्हाय. सभा घ्यायची. एका बाजूनं तू बोलायचं."

"आणि दुसऱ्या बाजूनं?"

हंबीररावांनी नुसतं छताकडं बोट दाखवलं.

"अहो, बायकोसंगं भर सभेत?"

"घरात बोलतोयस न्हवं? मग सभेत काय हाय? उलट सभेत मी हाय की सोडवायला."

रुद्राणीनं वरूनच 'हो' म्हणून टाकलं.

शाहूपुरीतल्या एका हॉटेलचा वरचा हॉल घेतला. रविवार होता. एरवी संघटनेच्या सभेला खुर्च्या जास्त आणि माणसं कमी असायची. त्या दिवशी माणसं भिंतीला टेकून उभी होती. नवरा-बायकोची जोड लावलीय म्हटल्यावर कॉम्प्युटरशी संबंध नसलेलेही आले. नेमके त्याच दिवशी मल्लाप्पा चंदगडहून आले. आता ते निवृत्त झाले होते. घरी कुलूप बघून, शेजाऱ्याला विचारून ते भिजलेल्या छत्रीसकट तसेच हॉलवर पोचले आणि शेवटच्या रांगेत बसले. मुलीनं आणि जावयानं दोघांनीही त्यांना पाहिलं, आणि दोघांचाही आवाज पहिल्या वाक्याला घसरला.

शिवप्रसाद आधी बोलला. चांगलं बोलला. "साखर कारखाना घ्या, दूध संघ घ्या, बँका घ्या, सगळीकडं आमच्या कंपनीच्याच फाइली आहेत. इतक्या लोकांच्या कामाला प्रमाणाचा शिक्का मिळाला तर बिघडतं काय? एक प्रमाण आहे, तिथं दोन होतील. पुण्याला जायला दोन रस्ते असले तर कुणी रडतं का?" टाळ्या पडल्या.

रुद्राणी उठली. तिनं पुढच्या रांगेतल्या उद्यमनगरच्या एका कारखानदाराला विचारलं, "दादा, तुमचा बोल्ट शिरोलीतल्या कुणाच्याही नटाला बसतो ना?"

"बसाय पायजे. न्हायतर कोण घेणार?"

"का बसतो? माप एक आहे म्हणून. उद्या एकानं सांगितलं, माझ्या बोल्टाचं माप वेगळं, पण तेही प्रमाणच धरा, तर? आणि हे माप सांगायला यांना सहा हजार पानं लागलीत. अहो, तुम्ही वाचलीत?" हा 'अहो' सभेला होता की नवऱ्याला, ते कुणाला कळलं नाही. उत्तर मात्र नवऱ्यानं दिलं.

"तू वाचलीस?"

"चारशे वाचली. मग झोप आली."

हॉल हसला. तिलाही टाळ्या पडल्या, तेवढ्याच. कोल्हापूरचं मत म्हणून काही निघेल असं चिन्ह दिसेना. हंबीरराव हात वर करायला सांगणार, तेवढ्यात मल्लाप्पा मागून उठले. एसटी स्टँडवर माईक नसताना गाड्या सांगायची सवय. त्यांना माईक लागला नाही.

"पावणं, मी मधी बोलतोय, माफ करा. मी या दोघांचा बाप हाय. एकीचा सख्खा आन एकाचा सासरा. मला यातलं काय समजत न्हाय. पण माझं एक नाटक हाय." त्यांनी प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांतून एक काळी फ्लॉपी काढली. "अकरा वर्साखाली जावईबापूंनी टाइप केलतं. वही वाळवीनं खाल्ली. छापलेली प्रत नटांनी नेली ती नेलीच. आता आमच्या डेपोची पोरं म्हंत्यात, तेच नाटक यंदा करायचं. तवा तुम्ही दोघं भांडाय लागलाय तर एक करा. हे उघडून दाखवा. जो उघडंल, माझं मत त्याला."

हंबीररावांचे डोळे चमकले. ठराव बाजूला राहिला. "बरोबर हाय! बोलून काय व्हतंय? नाटक उघडा!"

खालच्या सायबर कॅफेतून फ्लॉपी चालणारं मशीन वर आणलं. ती अजून वाचली गेली, यावरच निम्म्या सभेनं 'आरं वा' केलं. शिवप्रसादनं आपल्या कंपनीची नवीकोरी आवृत्ती चढवली, खुर्ची ओढली, शर्टाच्या बाह्या सारख्या केल्या आणि फाइलीवर क्लिक केलं. पडद्यावर एक अदबशीर इंग्रजी सूचना आली, की ही फाइल फार जुन्या पद्धतीची आहे, सुरक्षेच्या कारणानं ती उघडता येत नाही.

"काय म्हंतंय?" हंबीररावांनी विचारलं.

"जुनी आहे म्हणतंय."

"आरं, पण याच कंपनीचं न्हवं ते पोरगं?"

"यांचंच."

"मग सोताच्या पोराला वळखत न्हाय व्हय?"

शिवप्रसादनं खुर्ची मागं सारली. त्याचे कान लाल झाले होते. रुद्राणी पुढं आली. हसू दाबायचा तिनं प्रयत्न केला, पण तो फारसा जमला नाही. तिच्या सॉफ्टवेअरनं फाइल एका झटक्यात उघडली. लोक टाळ्या वाजवायला लागले आणि मधेच थांबले. पडद्यावर टोप्या घातलेले इंग्रजी 'ए' होते, डोक्यावर दोन टिंबं असलेले 'यू' होते, मधेच पौंडाचं चिन्ह, मधेच अर्धवट कंस. पानंच्या पानं तसलीच.

मल्लाप्पा पडद्याजवळ गेले. चष्मा लावला, काढला. "रुद्राणी, हे मी लिवलेलं न्हाय. मराठी न्हाय, कानडी बी न्हाय."

"अप्पा, तेव्हाचे मराठी फॉन्ट असेच होते. आत इंग्रजी चिन्हंच असायची, वरून मराठी अक्षरांचं कातडं. तो फॉन्ट नाही, तर..."

"मग फॉन्ट घाला की."

"तो करणारी कंपनी बंद पडली, मामा," शिवप्रसाद म्हणाला. "त्याला एक कुलूप असायचं, मशीनच्या मागं लावायचं. ते कधीच हरवलं."

"म्हंजे एकाच्यात दार उघडंना, आन एकीच्यात दार उघडलं पण आत माणूसच न्हाय."

कुणीतरी हसलं. मग कुणी हसलं नाही. म्हातारा माणूस पडद्याकडं बघत उभा होता आणि त्याचा चेहरा बघवत नव्हता. मुलगी आणि जावई दोघं त्याच्या दोन बाजूंना, दोघांच्याही माना खाली.

संघटनेनं त्या दिवशी ठराव केला नाही. दिल्लीला काय कळवायचं असं सेक्रेटरीनं विचारल्यावर हंबीरराव म्हणाले, "लिव्ह, कोल्हापूरनं दोन्ही बाजूंचं बघितलं. आधी मल्लाप्पांचं नाटक उघडा, मग इचारा." सेक्रेटरीनं ते सौम्य भाषेत लिहून धाडलंही म्हणतात.

तिघं घरी जाऊन जेवले. मल्लाप्पा चंदगडला परत निघाले तेव्हा त्यांनी फ्लॉपी टेबलावरच सोडली. "ऱ्हाऊ दे हितंच. मला काय उपयोग?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकान बंद करून शिवप्रसाद वर आला, तर रुद्राणी त्याच पौंडांच्या चिन्हांपुढं बसली होती. तिनं एक प्रोग्राम लिहायला घेतला होता. एक चिन्ह म्हणजे एक अक्षर. कुठलं चिन्ह म्हणजे कुठलं अक्षर एवढं कळलं की कॉम्प्युटर सगळं नाटक आजच्या मराठीत लिहून देईल. पण कोण सांगणार? तिला पहिल्या पानावर नाटकाचं नाव असणार एवढंच ठाऊक होतं. त्यावरून सात अक्षरं मिळाली होती.

तो मागं उभा राहून बघत राहिला. मग म्हणाला, "तो पौंड म्हणजे क्ष."

"कशावरून?"

"डावा अंगठा ऑल्टच्या बटणावर, आणि मग आकडे." त्यानं स्टूल ओढलं, डोळे मिटले आणि टेबलाच्या लाकडावर बोटं ठेवली. लग्नपत्रिका करून करून ती बोटं त्या फॉन्टवर पिकली होती. डोक्याला काही आठवत नव्हतं, बोटांना आठवत होतं. तो मनात 'कंडक्टर' म्हणायचा, बोटं लाकडावर आपटायची, मग डोळे उघडून तो सांगायचा, इथं अमुक बटण. रुद्राणी लिहून घ्यायची. अडचणी वेगळ्याच निघाल्या. त्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची असे, म्हणून तिच्या प्रोग्राममधून सगळ्या वेलांट्या भलत्याच अक्षरांवर जाऊन बसल्या. रफार तर कुठंही. पहिल्या दिवशी नाटकातला ड्रायव्हर जे काय बोलला ते ऐकून दोघं इतके हसले, की शेजारीण काय झालं म्हणून विचारायला आली.

"वेलांटी उचलून पुढच्या अक्षरावर टाक," तो म्हणाला.

"जोडाक्षर असेल तर?"

"मग जोडाक्षर संपेपर्यंत थांब."

"हे आधी सांगायचं ना."

"आधी विचारायचं ना."

पण त्या आवाजात बारशाच्या चौकटी नव्हत्या. आठवडाभर संध्याकाळी हेच चाललं. तिच्या सॉफ्टवेअरनं दार उघडलं होतं आणि त्याच्या बोटांनी माणसं ओळखली होती. दोघंही हे बोलून दाखवणार नव्हती.

नाटक हाती आलं, ते त्यांनी कागदावर छापून चंदगडला नेलं. मल्लाप्पांनी ओटीवर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मधे दोनदा डोळे पुसले, एकदा मोठ्यानं हसले. मग एका पानावर बोट ठेवलं.

"हे काय केलंय?"

कंडक्टर घाटात अडकलेल्या गाडीत ओरडतो, 'पुढं सरका, मागं गर्दी हाय.' तिथं प्रोग्रामनं कुठलातरी भटका रफार 'र' करून मागं चिकटवला होता. कागदावर झालं होतं, 'पुढं सरकार, मागं गर्दी हाय.'

"चूक राहिली अप्पा, मी आत्ता नीट करते," रुद्राणी म्हणाली.

"हात लावू नकोस. अकरा वर्सात मला सुचलं न्हाई ते तुज्या मशीनला सुचलंय."

स्पर्धेत त्या वाक्याला जो हशा पिकला, त्यात डेपो मॅनेजरही हसायचे थांबेनात. कंडक्टरचं काम करणाऱ्या पोरानं हुशारीनं तिथं थांबून ते पुन्हा म्हटलं. नाटकाला दुसरं बक्षीस मिळालं. मल्लाप्पा स्टेजवर गेले आणि त्यांनी नटांऐवजी 'माझी लेक आन जावई, दोघांच्या दोन कंपन्या' असे आभार मानले. प्रेक्षकांना वाटलं, दोघंही मोठ्या नोकरीत आहेत.

दिल्लीच्या समितीनं त्याच पावसाळ्यात कंपनीच्या पद्धतीला 'नाही' म्हटलं होतं. रुद्राणीनं दुकानात सगळ्यांना पेढे वाटले होते, नवऱ्याच्याच दुकानात, त्याच्याच गिऱ्हाइकांना. पुढच्या उन्हाळ्यात जागतिक मतमोजणीत मात्र कंपनीची पद्धत पास झाली. त्या दिवशी शिवप्रसाद पॉलिटेक्निकच्या स्टाफरूममध्ये पेढ्यांचा पुडा घेऊन हजर झाला. रुद्राणीनं पेढा खाल्ला आणि म्हणाली, "मागचे जास्त चांगले होते."

पण नाटकाची बातमी पसरली होती, आणि तिचा त्रास दोघांनाही सारखाच झाला. जिल्हाभरातून माणसं जुन्या फ्लॉप्या घेऊन यायला लागली. गडमुडशिंगीच्या शाळेच्या प्रश्नपत्रिका, कुणाचं अर्धं आत्मचरित्र, एका भजनी मंडळाचे अभंग. शेवटी दोघांनी रविवारची सकाळ ठरवून टाकली, दुकान आणि जिना दोन्ही उघडे ठेवून. खाली तो फ्लॉपी पुसून घ्यायचा आणि फॉन्ट ओळखायचा, वर ती उघडून द्यायची.

अशाच एका रविवारी कागलचे केरबा नावाचे ग्रामसेवक आले. बरोबर बायको होती. फ्लॉपीत काय आहे विचारल्यावर ते जरा लाजले.

"माझ्या लग्नाच्या वेळचा बायोडाटा हाय. सत्त्याण्णवचा."

"आता तो कशाला पाहिजे?" शिवप्रसादनं विचारलं.

"मला नको. हिला पायजे. ही म्हंत्या, त्यात तुम्ही उंची खोटी लिवलीती. मी म्हंतो, न्हाय. एकदा उघडा आन सोक्षमोक्ष लावा."

बायकोनं काउंटरवरची फ्लॉपी उचलली. ती थेट जिना चढून वर गेली. फाइल उघडली. रुद्राणीनं पडद्यावरचं वाचलं, मग जिन्यातून डोकावून खाली ग्रामसेवकांकडं नीट पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"पाच फूट आठ," ती म्हणाली.

"बघा!" बायको वरूनच म्हणाली.

ग्रामसेवक दुकानाच्या काउंटरपेक्षा फारसे उंच नव्हते. त्यांनी शिवप्रसादकडं वळून हळूच विचारलं, "तुमच्या कंपनीच्यात उघडलं तर कमी-जास्त दिसंल का?"